व्हेरियन्स −१०० का आला: हर्मिटियन, सेल्फ-ॲडजॉइंट आणि पेटीच्या दोन भिंती

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारे एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. शून्य ते एक एवढ्या लांबीच्या पेटीत कोंडलेला कण आहे आणि त्याची अवस्था क्ष(१ − क्ष) च्या प्रमाणात आहे. ऊर्जेचा व्हेरियन्स (वर्गाची सरासरी वजा सरासरीचा वर्ग, जो ऋण असूच शकत नाही) काढायला बसले तर तो −१०० आला. मित्राने तेच पायथनमध्ये शंभर तुकड्यांची ग्रिड घेऊन केलं, तर ऊर्जेच्या वर्गाची सरासरी ११८.८ आली आणि व्हेरियन्स चक्क धन. वर्गात विचारलं तेव्हा "ऑपरेटर हर्मिटियन आहे, तुमची बेरीज चुकली असेल" असं उत्तर मिळालं. शेवटचा प्रश्न जरा चिडूनच विचारलाय: 'हर्मिटियन' आणि 'सेल्फ-ॲडजॉइंट' यांत फरक करणं हा गणितवाल्यांचा नुसता सोवळेपणा आहे का?

तुमची बेरीज बरोबर आहे. चूक तिच्या एक पायरी आधी आहे, आणि ती तुमच्या एकट्याची नाही. मी स्वतः पहिली कित्येक वर्षं हा विषय 'हर्मिटियन' या एका शब्दावर शिकवला आणि कोणी पेटीतल्या संवेगाबद्दल विचारलं की "ते जरा सूक्ष्म आहे" म्हणून पुढच्या प्रकरणाकडे वळत असे.

गणित मांडून बघू. एचबार एक आणि वस्तुमान अर्धं धरलं की ऊर्जेचा ऑपरेटर (फलनावर करायची क्रिया) एच म्हणजे उणे दुसरं डेरिव्हेटिव्ह. अवस्था नॉर्मलाइझ केली की साय = √३० × क्ष(१ − क्ष). एच लावला की २√३० ही अचल संख्या मिळते. ऊर्जेची सरासरी १० येते. सर्वात खालची पातळी पाय-वर्ग, म्हणजे ९.८७, आणि आपलं फलन पहिल्या साइनसारखंच दिसतं, तेव्हा १० हे पटण्यासारखं आहे.

आता ऊर्जेच्या वर्गाची सरासरी. ती काढायच्या दोन वाटा आहेत. एक एच डावीकडच्या सायवर आणि एक उजवीकडच्या सायवर लावला, तर अचल संख्येचा वर्ग, म्हणजे ४ × ३० = १२०. व्हेरियन्स १२० − १०० = २०. दोन्ही एच उजवीकडेच लावले तर अचल संख्येचं दुसरं डेरिव्हेटिव्ह शून्य, सरासरी शून्य, व्हेरियन्स −१००. एच हर्मिटियन असेल तर तो इकडून तिकडे नेता यायला हवा, म्हणजे दोन्ही उत्तरं एकच यायला हवीत. ती येत नाहीत.

पंच म्हणून तिसरी वाट घ्या. साय साइन फलनांत उलगडा. फक्त विषम पातळ्या येतात, आणि न-व्या पातळीची संभाव्यता ९६० भागिले (न × पाय) चा सहावा घात. पहिली पातळी एकटीच ९९.८६ टक्के घेते, तिसरीला जेमतेम ०.१४ टक्के उरतात. प्रत्येक पातळीच्या ऊर्जेचा वर्ग त्या संभाव्यतेने गुणून बेरीज केली की नेमके १२० येतात. त्यातले ९७.२७ पहिल्या पातळीचे. उरलेले २२.७३ त्या दीड दशांश टक्क्याहूनही कमी संभाव्यतेतून आलेले आहेत. मला हा आकडा फार बोलका वाटतो. फलन पहिल्या साइनला जवळजवळ चिकटलेलं आहे, पण भिंतीपाशी त्याची वक्रता साइनसारखी शून्याकडे जात नाही, आणि तेवढ्यासाठी वरच्या पातळ्यांचं लांब शेपूट लागतं. ऊर्जेच्या घनाची सरासरी काढायला जाल तर बेरीज अनंत होईल.

म्हणजे १२० खरं. मग शून्य कुठून आलं? पेटीतला एच म्हणजे 'उणे दुसरं डेरिव्हेटिव्ह' एवढंच नाही. दोन्ही भिंतींवर शून्य होणाऱ्या फलनांवर चालणारं उणे दुसरं डेरिव्हेटिव्ह, अशी त्याची पूर्ण व्याख्या आहे. ऑपरेटर सूत्र आणि डोमेन (ज्या फलनांवर तो लावायची मुभा आहे त्यांचा संच) मिळून होतो. एच एकदा लावल्यावर तुमच्या हातात अचल फलन आलं, जे भिंतींवर शून्य होत नाही. ते एचच्या डोमेनबाहेर आहे, त्याच्यावर एच पुन्हा लावताच येत नाही. तुम्ही जे लावलंत ते नुसतं सूत्र होतं. इंटिग्रेशन बाय पार्ट्स करून पाहा: एक सूत्र उजवीकडून डावीकडे नेताना टोकांवर जे पद उरतं ते दोन्ही भिंतींचं मिळून −१२० आहे, प्रत्येक भिंतीचं −६०. १२० मधून ते वजा झालं आणि शून्य राहिलं. हे दोन ६० लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा भेटतील.

आता सोवळ्याचा मुद्दा. भौतिकशास्त्राच्या बहुतेक पुस्तकांत 'हर्मिटियन' म्हणून जे सांगतात त्याला गणितात 'सिमेट्रिक' म्हणतात: डोमेनमधली कोणतीही दोन फलनं घेतली तर ऑपरेटर इनर प्रॉडक्टच्या (दोन फलनांच्या गुणाकाराच्या इंटिग्रलच्या) एका बाजूकडून दुसरीकडे नेता येतो. सेल्फ-ॲडजॉइंट असायला याच्यावर एक अट जास्त आहे. एक फलन डोमेनमधून घ्या, दुसरं कुठलंही घ्या, आणि बघा की ऑपरेटर दुसऱ्यावर नेता येतो का. ज्या ज्या फलनांवर तो असा नेता येतो ती सगळी डोमेनमध्ये आधीच असली पाहिजेत, एकही बाहेर राहता कामा नये. डोमेन जितकं घट्ट बांधाल तितकं हे दुसऱ्या बाजूचं डोमेन सैल होतं. दोन्ही तंतोतंत जुळली तरच सेल्फ-ॲडजॉइंट. सान्त मॅट्रिक्सच्या जगात डोमेनचा प्रश्नच नसतो, म्हणून तिथे हर्मिटियन म्हणजेच सेल्फ-ॲडजॉइंट, आणि तिथली सवय आपण नकळत पुढे ओढत नेतो.

ऊर्जेच्या बाबतीत पेटी सुदैवी आहे, दोन टोकांच्या दोन अटी बरोबर जुळतात. संवेग पी, म्हणजे उणे आय गुणिले पहिलं डेरिव्हेटिव्ह, घेतला की खेळ उघडा पडतो. दोन्ही टोकांवर शून्य ही अट लावली तर पी सिमेट्रिक आहे, वादच नाही. पण दुसऱ्या बाजूच्या फलनावर मग कसलीच अट उरत नाही, टोकाचं पद आपोआप शून्य झालेलं असतं. डोमेनं जुळत नाहीत. परिणाम असा की या पीला एकही आयगेनफंक्शन, म्हणजे पी लावल्यावर एका संख्येने (आयगेनव्हॅल्यूने) गुणून तेच परत येणारं फलन, नाही (ई-चा-आय-के-क्ष-घात कुठेच शून्य होत नाही), आणि काटेकोर व्याख्येने त्याचा स्पेक्ट्रम (आयगेनव्हॅल्यूंना सामावून घेणारा किमतींचा संच) काढला तर तो संपूर्ण कॉम्प्लेक्स प्रतल येतो. प्रत्येक कॉम्प्लेक्स संख्या! 'हर्मिटियन ऑपरेटरच्या आयगेनव्हॅल्यू वास्तव असतात' हे वाक्य इथेही खरंच आहे, कारण आयगेनव्हॅल्यू मुळी नाहीतच.

दुरुस्ती कशी करायची? अट थोडी सैल करायची. टोकांवर शून्य न मागता एवढंच मागायचं, की उजव्या टोकाची किंमत डाव्या टोकाच्या किमतीच्या ई-चा-आय-थीटा-घात पट असावी. आता दोन्ही बाजूंना तीच अट लागते, पी सेल्फ-ॲडजॉइंट होतो आणि स्पेक्ट्रम येतो: थीटा + २ × पाय × न. पण थीटा कोणता? शून्य ते दोन पाय यातला कुठलाही. सूत्र तेच राहतं आणि सेल्फ-ॲडजॉइंट ऑपरेटर मात्र अगणित निघतात, प्रत्येकाचा स्पेक्ट्रम निराळा. यांना सेल्फ-ॲडजॉइंट एक्स्टेन्शन म्हणतात. ती आहेत का, असली तर किती, हे मोजायचा हिशेब फॉन नॉयमन यांनी १९२९-३० च्या सुमारास बसवून दिला: ॲडजॉइंटला (दुसऱ्या बाजूच्या डोमेनवर चालणाऱ्या ऑपरेटरला) +आय आणि −आय या आयगेनव्हॅल्यू देणारी, वर्ग-समाकलनीय (वर्गाचं इंटिग्रल सान्त असलेली) फलनं किती ते मोजायचं. दोन आकडे सारखे तर एक्स्टेन्शन आहेत, दोन्ही शून्य तर नेमकं एकच, सारखे नसतील तर एकही नाही.

तिसरी शक्यता कागदी वाटते, पण ती अगदी साध्या ठिकाणी भेटते. एकाच बाजूला भिंत आणि दुसरीकडे अनंतापर्यंत मोकळी रेषा घ्या. ई-चा-उणे-क्ष-घात चालतो, ई-चा-क्ष-घात फुगत जातो म्हणून चालत नाही. आकडे एक आणि शून्य. म्हणजे अर्ध्या रेषेवर सेल्फ-ॲडजॉइंट संवेग नाहीच, कुठलीही बाउंडरी कंडिशन लावून तो बनवता येत नाही. कारण भौतिक आहे. संवेग वेव्ह फंक्शनला बाजूला सरकवतो. मोकळ्या बाजूकडे सरकवलंत तर काही बिघडत नाही. भिंतीकडे सरकवलंत तर भिंतीपलीकडे गेलेली संभाव्यता हरवते. पेटीत निदान एका टोकाने गेलेलं दुसऱ्या टोकाने आत घेता येतं, इथे दुसरं टोकच नाही.

सोवळेपणाच्या आरोपावर माझं उत्तर इथेच आहे. स्टोन यांच्या प्रमेयानुसार काळाबरोबर एकूण संभाव्यता कायम एक राखणारी उत्क्रांती आणि सेल्फ-ॲडजॉइंट ऑपरेटर यांची एकास एक जोडी असते. नुसत्या सिमेट्रिक ऑपरेटरला ही हमी नाही. ज्या 'हॅमिल्टोनियन'ला (ऊर्जेच्या ऑपरेटरला) सेल्फ-ॲडजॉइंट एक्स्टेन्शन नाही त्याच्यावर श्रोडिंगर समीकरण लिहिता येतं, पण उद्या कण शंभर टक्के कुठेतरी असेल हे सांगता येत नाही. आणि ज्याला अनेक एक्स्टेन्शन आहेत त्याचं भौतिकशास्त्र अर्धवट सांगितलेलं आहे, भिंतीवर काय घडतं ते सांगायचं राहिलंय.

थीटा नुसता गणिती नाही, हे पटवायला मी कडीचं उदाहरण देते. पेटीची दोन टोकं जोडून कडी करा आणि तिच्या मधल्या पोकळीतून चुंबकीय फ्लक्स सोडा. कडीवर कुठेही चुंबकीय क्षेत्र नाही, तरी इलेक्ट्रॉनची एक फेरी पूर्ण होताना फेज बदलतो. आहारोनोव्ह आणि बोम यांनी १९५९ साली दाखवलेला परिणाम तो हाच. तो बदल म्हणजे आपला थीटा: फ्लक्स भागिले एच-बाय-ई (इथे एच हा प्लांकचा स्थिरांक, ई इलेक्ट्रॉनचा विद्युतभार), गुणिले दोन पाय. फ्लक्स फिरवला की ऊर्जापातळ्या सरकतात आणि कडीत प्रवाह वाहतो. साध्या धातूच्या अतिसूक्ष्म कड्यांमध्ये हा प्रवाह २००९ मध्ये स्वच्छ मोजला गेला. प्रयोग करणाऱ्याने चुंबकाची गुंडी फिरवली की तो सेल्फ-ॲडजॉइंट एक्स्टेन्शन बदलत असतो, त्याला ते नाव माहीत असो वा नसो.

(पेटीतल्या कणाचा संवेग मोजायचाच असेल तर? खऱ्या भिंती अनंत उंच नसतात, ती आपली सोय आहे. संपूर्ण रेषेवरचा पी वापरा, पेटीबाहेर फलन शून्य धरा आणि फूरियर रूपांतर घ्या. संपूर्ण रेषेवर पीबाबत कसलाही वाद नाही. परीक्षेत 'पेटीत संवेगाच्या किमती अधिक-उणे न-पाय' असं लिहितात ते मला कधीच पटलं नाही.)

सगळी फलनं डोमेनमध्ये घेऊन ही कटकट टाळता येणार नाही का? नाही. हेलिंगर आणि टोप्लिट्झ यांचं १९१० चं प्रमेय सांगतं, की सिमेट्रिक ऑपरेटर सगळीकडे लागू होत असेल तर तो बाउंडेड असतोच, म्हणजे फलनाला एका ठरावीक पटीहून जास्त फुगवत नाही. आणि स्थान व संवेग यांचा कॉम्युटेटर (दोन क्रमांनी केलेल्या गुणाकारांतला फरक) अचल असेल तर ते दोन्ही बाउंडेड असू शकत नाहीत, हे विंटनर यांनी १९४७ मध्ये सिद्ध केलं. सान्त मॅट्रिक्स तर त्याहून आधीच बाद होतात: कॉम्युटेटरचा ट्रेस (कर्णावरच्या संख्यांची बेरीज) शून्य, आणि अचल गुणिले आयडेंटिटीचा ट्रेस शून्य नाही. अनिश्चिततेचं तत्त्व हवं असेल तर डोमेन गळ्यात येणारच.

अणूंच्या बाबतीत ही काळजी रोज करावी लागत नाही, याचं श्रेय तोसिओ काटो यांना. श्रोडिंगर यांचं समीकरण १९२६ चं. त्यातला हॅमिल्टोनियन कितीही इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्रकं असली तरी एकाच प्रकारे सेल्फ-ॲडजॉइंट होतो, हा काटो यांचा निकाल १९५१ साली छापून आला. पंचवीस वर्षं लोक हायड्रोजन, हीलियमची गणितं बिनदिक्कत करत होते आणि पाया भरायचा राहिला होता. मधली कल्पना सुंदर आहे. कूलंबच्या विद्युत आकर्षणातलं एक-भागिले-आर केंद्रकापाशी अनंत होतं खरं, पण तिथे फलन गोळा करायचं तर त्याला तीव्र उतार द्यावा लागतो आणि गतिज ऊर्जा त्याहून जास्त वाढते. हार्डी यांच्या असमानतेने हे आकड्यांत पकडता येतं: साय-भागिले-आरच्या वर्गाचं इंटिग्रल ग्रेडियंटच्या वर्गाच्या इंटिग्रलच्या चौपटीहून जास्त होत नाही. त्यावरून कूलंब हा गतिज ऊर्जेपुढे हवा तितका लहान ठरतो, आणि रेलिख यांचं प्रमेय सांगतं की एवढ्या लहान भरीने सेल्फ-ॲडजॉइंटपणा बिघडत नाही.

तीच गोष्ट डिरॅकच्या समीकरणात, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या सापेक्षतावादी समीकरणात, फसते. तिथे गतिज ऊर्जा संवेगाच्या पहिल्या घाताने वाढते, कूलंबही त्याच दमाचा, म्हणजे सामना बरोबरीचा. बिंदुवत केंद्रक धरलं तर डिरॅकचा ऑपरेटर स्वतःहून एकमेव प्रकारे सेल्फ-ॲडजॉइंट राहतो तो अणुक्रमांक १३७.०४ (सूक्ष्मरचना स्थिरांकाचा व्यस्त) च्या ०.८६६ पटीपर्यंत, म्हणजे ११८ पर्यंत. ११९ पासून केंद्रकापाशी एक अट तुम्हाला निवडावी लागते, आणि १३७ पर्यंत ती निवडायची एक सर्वमान्य रीत आहे. आवर्तसारणी आज ११८ व्या ओगॅनेसॉनवरच थांबलेली आहे! हा निव्वळ योगायोग आहे, केंद्रकाला आकार असतो आणि तो धरला की अडचण मिटते. पण वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचेसुद्धा मान वर करतात.

सेल्फ-ॲडजॉइंटपणा ठरला की स्पेक्ट्रमचं खरं काम सुरू होतं, आणि ते वेगळ्या उत्तराचा विषय आहे. चव म्हणून एकच: प्रोटॉनभोवती एक इलेक्ट्रॉन असेल तर बद्ध पातळ्या अगणित. आणखी एक इलेक्ट्रॉन देऊन ऋण हायड्रोजन आयन केला तर एकच बद्ध अवस्था उरते, आणि ती एकच आहे हे हिल यांनी १९७७ मध्ये सिद्ध केलं.

आता तुमच्या मित्राचा पायथन. शंभर तुकडे म्हणजे आतले ९९ बिंदू, अंतर ०.०१, आणि २, −१ ची ओळखीची तिरपी मॅट्रिक्स. आपल्या फलनावर ती एकदा लावली की सगळीकडे २√३० येतं, हुबेहूब. दुसऱ्यांदा लावली की आतल्या सगळ्या बिंदूंवर शून्य, अगदी तुमच्या वहीतल्यासारखं. फक्त पहिल्या आणि शेवटच्या बिंदूवर नाही, कारण त्यांच्या पलीकडे मॅट्रिक्सने भिंत शून्य धरलेली आहे. तिथे दोन प्रचंड आकडे उभे राहतात, आणि साय बरोबर इनर प्रॉडक्ट घेतला की प्रत्येकाचा वाटा ६० × (१ − ०.०१), म्हणजे ५९.४. दोन मिळून ११८.८. तुमचे हरवलेले दोन ६० ते हेच. दहाच तुकडे घेतलेत तर हातानेही होतं, १०८ येतील.

म्हणून संगणकावर विसंबून राहायचं का? त्याच ग्रिडवर त्याला संवेग द्या: पुढच्या बिंदूची किंमत वजा मागच्या बिंदूची, भागिले दुप्पट अंतर, गुणिले उणे आय, टोकांपलीकडे शून्य. मॅट्रिक्स हर्मिटियन आहे, तो तक्रार न करता आयगेनव्हॅल्यू देईल. ९९ बिंदूंना शून्याजवळच्या किमती ०, ±३.१४, ±६.२८ अशा येतात. आता बिंदू एकाने वाढवून १०० करा. त्या ±१.५७, ±४.७१ अशा होतात. पहिल्या वेळी थीटा शून्य आणि थीटा पाय यांचे स्पेक्ट्रम एकमेकांत मिसळून आले, दुसऱ्या वेळी पाय-भागिले-दोन आणि त्याच्या तिप्पट कोनाचे, आणि ठरलं ते बिंदू विषम आहेत की सम एवढ्यावर. ऊर्जेची मॅट्रिक्स याच दोन ग्रिडवर चालवून पाहा: पहिली पातळी ९.८६८७९ ची ९.८६८८१ होते, खालच्या बाकी पातळ्याही जवळजवळ हलत नाहीत.